वस्तूला बांधलेली चिठ्ठी

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, एका दगडी मनोऱ्यात कांस्याची पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. घाटावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितले जाते की ही वसईच्या लुटीतली घंटा, चिमाजी अप्पांच्या विजयाची खूण. सांगणारा खोटे बोलत नसतो, त्यानेही ते कुणाकडून तरी ऐकलेले असते. पण वसई पडली मे १७३९ मध्ये आणि नानांचा जन्म १७४२ चा. म्हणजे घंटा वसईहून निघाली तेव्हा ज्यांच्या वाड्यामागे ती आज आहे ते नाना जन्मलेच नव्हते. मधली वर्षे ती कुठे होती, कुणाच्या ताब्यात होती, आणि मुळात ती वसईच्या कोणत्या चर्चची? घंटेवरचे साल या प्रश्नांची उत्तरे देत नाही.

आम्हा वसईकरांना या घंटांचे वेड आहे. भीमाशंकरला एक, नाशकात नारोशंकराच्या देवळात एक, आणि इतर कितीतरी देवळांत. प्रत्येकीला लोक ‘वसईची’ म्हणतात. परंतु १७३७ ते १७३९ ही पोर्तुगिजांविरुद्धची मोहीम एकट्या वसई किल्ल्याची नव्हती. ठाणे आणि साष्टी आधी गेली, १७३९ च्या जानेवारीत माहीम, तारापूर, अशेरी हे उत्तरेकडचे किल्ले पडले, आणि तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. या साऱ्या मुलखात चर्चे होती आणि चर्चांना घंटा होत्या. एखादी घंटा तारापूरची असेल, एखादी साष्टीची. घंटा अस्सलच आहे. सैल आहे ती तिला बांधलेली चिठ्ठी.

हे पुस्तक त्या चिठ्ठीबद्दल आहे. युद्धाच्या वस्तू आणि युद्धाची छायाचित्रे आज मोबाइलवर भाजीसारखी विकली जातात: ‘पहिल्या महायुद्धातील मराठा पलटण, ओरिजिनल फोटो’, ‘ब्रिटिश आर्मी होकायंत्र १९१७’, ‘मराठाकालीन तलवार, आजोबांच्या पेटीतली’. विकणारा वस्तू दाखवतो आणि गोष्ट सांगतो. घेणारा पैसे मोजतो ते गोष्टीचे. वस्तू तपासायला भिंग पुरते. गोष्ट तपासायला सालांचा हिशोब लागतो, आणि नेमका तोच आपण करत नाही, कारण गोष्ट आपल्याला हवीशी असते. ज्या घरातले कोणी पलटणीत होते त्या घराला पणजोबांचा फोटो हवा असतो. ज्या घरातले कोणी नव्हते, त्याला तो जास्तच हवा असतो.

खोटेपणा तीन जागी असू शकतो आणि त्या तीन जागा वेगळ्या ठेवल्या नाहीत तर सगळा गोंधळ होतो. एक, वस्तूच नवी बनवलेली असते. दोन, वस्तू जुनी असते पण तिच्यात दाखवलेला प्रसंग रचलेला असतो. तीन, वस्तूही खरी, प्रसंगही खरा, पण नाव, साल किंवा ठिकाण दुसरेच चिकटवलेले असते. बाजारात पहिल्या प्रकाराचा बोभाटा जास्त होतो. माझ्या मते सर्वांत जास्त फसवणूक तिसऱ्या प्रकारात होते, कारण तिथे फसवणाऱ्याला हात काळे करावे लागत नाहीत. एक ओळ लिहिली की काम झाले.

तिसऱ्या प्रकाराचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण बाजारातले नव्हेच. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये शिवाजी महाराजांचे समकालीन चित्र पुढे आणेपर्यंत इब्राहिमखान नावाच्या भलत्याच माणसाचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते, भिंतींवर लागत होते. त्यात कुणी पैसा केला नव्हता, कुणी कट केला नव्हता. चित्र जुने होते, चिठ्ठी चुकीची होती, आणि चित्राकडे पाहून हात जोडणाऱ्यांना चिठ्ठी उलटून पाहावीशी वाटली नाही. बेंद्र्यांनी ती पाहिली.

नानासाहेब पेशव्यांच्या बाबतीत तर गंमतच झाली. १८५७ नंतर विलायतेतल्या वाचकांना कानपूरच्या ‘राक्षसा’चा चेहरा पाहायचा होता आणि कुणाकडेच तो नव्हता. तेव्हा मेरठकडच्या एका धनिक ठेकेदाराची तसबीर नानासाहेबांची म्हणून तिकडे छापली गेली, ही हकीकत त्या काळच्या आठवणींत येते. तो गृहस्थ बिचारा इंग्रजी फौजांना रसद पुरवणाऱ्यांपैकी. नानासाहेबांचा शोध घेणाऱ्यांच्या हाती असे चेहरे असतील तर ते सापडले नाहीत याचे नवल वाटायला नको.

झाशीच्या राणीचा ‘एकमेव फोटो’ दर काही महिन्यांनी फिरतो. त्याच्याबरोबर मजकूर असतो की १८५० मध्ये हॉफमन नावाच्या इंग्रजाने तो काढला. इथे भिंगाचीही गरज नाही. काचेवरच्या ओल्या कलोडिअनची पद्धत, जिच्यामुळे स्पष्ट फोटोच्या कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येऊ लागल्या, ती १८५१ ची. आणि हॉफमन हे नाव भारतात ज्या ‘जॉन्स्टन अँड हॉफमन’ या स्टुडिओमुळे माहीत आहे, त्याचे कलकत्त्यातले दुकान १८८० च्या दशकात सुरू झाले. राणी १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ पडली. फोटोतली बाई कुणीही असो, चिठ्ठीवरचे साल आणि चिठ्ठीवरचा माणूस यांची गाठ पडत नाही.

म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण छायाचित्रकलेच्या सालावळीचे आहे. काहींना ते रुक्ष वाटेल, पण बाकी सारे त्याच्यावर उभे आहे. दागेरने आपली पद्धत जगापुढे मांडली १८३९ मध्ये. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. त्यामुळे पेशवाईतल्या कोणत्याही लढाईचा, कोणत्याही सरदाराचा त्या वेळचा फोटो असूच शकत नाही, मग तो कितीही धुरकट, कितीही पिवळा असो. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या काळातले एक नावाजलेले छायाचित्रकार. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा आला तो १८५७ च्या उंबरठ्यावर. त्या काळात काच काही क्षण तरी प्रकाशाला उघडी ठेवावी लागे. धावता घोडा, उडालेली तोफ, वार करणारा हात यांतले काहीही नीट टिपता येत नसे. १८५७ चा ‘चालू लढाईचा’ फोटो दिसला की तो पुढे सरकवावा.

त्याच काळात दुसऱ्या प्रकारच्या खोटेपणाचे भारतातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण घडले. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या वसंतात लखनौला पोचला. सिकंदरबागेतली कत्तल त्याआधी चारएक महिने, नोव्हेंबर १८५७ मध्ये होऊन गेली होती. सुमारे दोन हजार शिपाई तिथे मारले गेले होते. बिआतोच्या फोटोत मोडक्या इमारतीसमोर मानवी सांगाडे पसरलेले दिसतात. इतक्या महिन्यांनी ते तसे उघड्यावर नीट मांडल्यासारखे पडलेले नव्हते. फोटोसाठी हाडे उकरून पसरली गेली, असे अभ्यासक मानतात आणि त्या वेळी लखनौला असलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या आठवणींतही तसे येते. आता हा फोटो खोटा म्हणायचा का? कागद अस्सल, छायाचित्रकार अस्सल, इमारत अस्सल, मेलेली माणसेही अस्सल. रचलेले आहे ते त्यांचे पडणे. लिलावात या फोटोची जुनी प्रत आली तर ती ‘अस्सल’ म्हणूनच विकली जाईल आणि ते बरोबरही ठरेल. पण इतिहासाच्या पुस्तकात ‘लढाईनंतरचे दृश्य’ अशी ओळ खाली आली की ती ओळ खोटी.

युरोपात याच्या आधीच, क्रिमियाच्या युद्धात, रॉजर फेंटनने १८५५ मध्ये एकाच दरीचे दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्यावर, दुसऱ्यात रस्ता मोकळा. कुठला आधी, यावर अजून लोक भांडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस येवगेनी खाल्देई या सोव्हिएत छायाचित्रकाराने बर्लिनच्या राइशस्टागवर झेंडा लावतानाचा फोटो काढला आणि छापण्याआधी एका सैनिकाच्या मनगटावरचे जादा घड्याळ खरवडून टाकले. एकाच माणसाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसणे म्हणजे लुटीचा पुरावा. हे सारे नामवंत. गल्लीतल्या विक्रेत्याला आपण शिव्या घालतो तेव्हा या थोरांचीही आठवण असू द्यावी.

आता कागदाकडे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींचे म्हणून जे फोटो विकायला येतात, त्यांतले पुष्कळसे लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहातले असतात. संग्रहालयाने ते सर्वांना पाहायला ठेवले आहेत. विक्रेता तिथून उतरवतो, वसई रोड किंवा नालासोपारा स्टेशनबाहेरच्या कुठल्याही लॅबमध्ये छापून घेतो, चहाच्या पाण्यात बुडवतो, कडा दुमडतो. आधी फोटोवरून फोटो शोधण्याची सोय मोबाइलवर आहे ती वापरावी. निम्मे काम तिथेच होते. उरलेल्यासाठी दहापट मोठे दाखवणारे, सराफ वापरतात तसले भिंग. त्याखाली ओळीने मांडलेले ठिपके दिसले तर तो छापील पुस्तकातून घेतलेला. रंगीत बारीक शिंतोडे दिसले तर इंकजेट. खऱ्या जुन्या फोटोत काळ्याचा करडा होताना ठिपका लागत नाही.

दुसरी परीक्षा नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चची. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची उजळकारी रसायने फोटोच्या कागदात साधारण १९५० च्या सुमारास आली. अंधारात टॉर्च मारल्यावर ‘१९१६ चा’ फोटो निळसर चमकला तर तो कागद १९१६ चा नव्हे. उलट चमकला नाही म्हणून तो जुना ठरत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. टॉर्च फोटो नापास करू शकते, पास करू शकत नाही. जुन्या चांदीच्या फोटोच्या गडद कडांवर तिरप्या उजेडात आरशासारखी झाक दिसते. ती वर्षानुवर्षे हळूहळू येते, म्हणून नकली करणे अवघड. हाताला प्लास्टिकसारखा लागणारा, भिजून न फुगणारा कागद १९७० च्या आसपासचा किंवा नंतरचा.

फोटोच्या मागे काय लिहिले आहे यावर लोक सर्वांत लवकर भुलतात. बॉलपेन बाजारात आले ते १९४५ मध्ये. ‘कूट अल अमारा, १९१६’ असे बॉलपेनने लिहिलेले असेल तर ते १९१६ मध्ये लिहिलेले नाही. पण तेवढ्याने फोटो खोटा ठरत नाही! नातवाने १९७० मध्ये आजीकडून ऐकून प्रामाणिकपणे लिहिले असेल. इथे घाई करणारे अभ्यासक अस्सल वस्तू फेकून देतात, आणि मला तेही नुकसान फसवणुकीइतकेच वाटते. ओळ कधी लिहिली गेली एवढेच बॉलपेन सांगते. ती खरी आहे का, हे वेगळे शोधावे लागते.

कूटच्या बाबतीत तो शोध जरा सोपा आहे, कारण पलटणींची नावेच बोलतात. मेसोपोटेमियातल्या कूटला तुर्कांचा वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी आतल्या ब्रिटिश फौजेची शरणागती झाली. वेढ्यात ११० वी आणि ११७ वी मराठा या पलटणी होत्या. ‘५ वी मराठा लाइट इन्फंट्री’ हे नाव १९२२ च्या फेररचनेनंतरचे. फोटोखाली ‘५ वी मराठा, कूट, १९१६’ असे असेल तर ओळ निदान सहा वर्षांनी लिहिलेली. तीच गोष्ट मुकुटाची. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि ब्रिटिश बिल्ल्यांवरच्या मुकुटाची आकृती बदलली. आधीच्या मुकुटाच्या कमानी वर फुगलेल्या, नंतरच्या मध्ये दबलेल्या. भारत १९५० मध्येच प्रजासत्ताक झाला होता, आपल्या पलटणींच्या बिल्ल्यावरून मुकुट गेला होता आणि अशोकाचे सिंह आले होते. त्यामुळे दबक्या कमानींचा मुकुट असलेला ‘दुसऱ्या महायुद्धातील मराठा रेजिमेंटचा बिल्ला’ कधीच अस्तित्वात नव्हता. असे बिल्ले मी ढिगाने पाहिले आहेत. बनवणाऱ्याने इंग्लंडातल्या एखाद्या पलटणीचा मुकुट उचलला आणि आपल्या बिल्ल्यावर बसवला, इतके साधे.

सरहद्दीपलीकडच्या दर्रा आदमखेलचे बंदूककार याच चुकीसाठी जगभर ओळखले जातात. ते हाताने ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला करत, शिक्केसुद्धा. अक्षरे वाचता येत नसल्याने कधी इंग्रजी ‘एन’ उलटा पडे, कधी व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे १९१९ या सालाशेजारी बसत. राणी १९०१ मध्ये वारली होती.

पदकांची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक, कारण तिथे घराण्याचा जीव गुंतलेला असतो. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश पदके नाव कोरून दिली जात: क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. गोल पदकांच्या कडेवर, आणि १९१४-१५ च्या ताऱ्याच्या सपाट पाठीवर. नकली पदक ओतीव असते, अस्सल पदक ठशाने मारलेले. ओतीव पदकावर भिंगाखाली बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांचे काठ वितळल्यासारखे मऊ असतात, कडेवर जोडाची रेघ सापडते, आणि धातू थंड होताना आकसत असल्याने पदक अस्सलपेक्षा किंचित लहान भरते. चलाख माणूस ओततच नाही. तो अस्सल पदक घेतो, कडेवरचे नाव घासतो आणि गिऱ्हाइकाला हवे ते नाव कोरून देतो. मग कड एका ठिकाणी पातळ लागते. ते बोटाला कळत नाही, व्हर्नियरला कळते.

दोन अपवाद इथेच सांगून ठेवतो, नाहीतर हे पुस्तक वाचून कुणी घरातले खरे पदक भंगारात घालायचा. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते, पण मजूर तुकड्या आणि पलटणीबरोबरचे नोकरचाकर यांना ते कांस्याचे दिले गेले. तेव्हा कांस्याचे दिसले म्हणून नकली समजू नये. उलट कोकणातल्या घरात तसे पदक सापडले तर ते जास्तच मोलाचे, कारण चांदीवाल्यांचे फोटो निघाले, यांचे कुणी काढले नाहीत. दुसरा अपवाद दुसऱ्या महायुद्धाचा. ब्रिटनने आपल्या सैनिकांना ते तारे आणि पदके बिननावाची दिली, भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र बहुधा नावे घातली गेली. बिननावाचा बर्मा स्टार म्हणजे खोटा तारा नव्हे. तो ‘आमच्या आजोबांचा’ आहे हे त्या ताऱ्यावरून सिद्ध होत नाही, एवढेच. आणि एक करुण गोष्ट: १९८० च्या आसपास चांदीचे भाव चढले तेव्हा हजारो अस्सल ब्रिटिश वॉर मेडले मुशीत गेली. आज त्यांच्या जागी नकली ओतली जातात.

पितळी सामानावर फार शब्द खर्च करायची गरज नाही. होकायंत्रे, दुर्बिणी, सेक्स्टंट, तोफेची छोटी प्रतिकृती. रुरकीला सर्वेक्षणाची उपकरणे बनवायचा जुना धंदा आहे, मुरादाबादला पितळेचा. डेहराडूनला तलवारी आणि शिरस्त्राणांच्या प्रतिकृती बनतात आणि त्या प्रतिकृती म्हणूनच परदेशी सिनेमांना व हौशी लोकांना उघडपणे विकल्या जातात. कारागिरी उत्तम असते, कारखान्याचा त्यात काही दोष नाही. प्रतिकृती तिसऱ्या हातात जाताना ‘रेप्लिका’ हा शब्द गळतो आणि ‘आर्मी सरप्लस’ हा शब्द चिकटतो. ‘केल्विन अँड ह्यूज, लंडन, १९१७’ असे कोरलेली होकायंत्रे घराघरांत आहेत. केल्विनची कंपनी आणि ह्यूजची कंपनी एकत्र आल्या त्या १९४० च्या दशकात. १९१७ मध्ये ही दोन नावे एका तबकडीवर येण्याचे कारण नव्हते.

लोखंडाच्या बाबतीत वसईकराने जास्त सावध असावे. बाकी ठिकाणी तलवार गंजवायला मीठ, आम्ल, जमिनीत पुरणे असले उद्योग करावे लागतात. आमच्याकडे मिठागरांवरून येणारा वारा ते फुकट करतो. अर्नाळ्याला किंवा भुईगावला ओसरीवर दोन पावसाळे ठेवलेली कोयतीदेखील पानिपतावरून परतल्यासारखी दिसते. तेव्हा गंज किती आहे ते पाहू नये, कुठे आहे ते पाहावे. वापरलेल्या तलवारीची मूठ हाताने झिजलेली असते, मुठीच्या सांध्यात मळ घट्ट बसलेला असतो, पात्याला कितीदा तरी धार लावल्याने रुंदी टोकाकडे असमान झालेली असते. नवीन तलवार सगळीकडे सारखीच ‘जुनी’ असते. पोलादावरची जौहराची नागमोडी नक्षी आम्लाने वरवर उठवलेली असेल तर बारीक पॉलिश कागदाने एका कोपऱ्यात घासल्यावर नाहीशी होते, आणि पुन्हा आम्ल लावल्यावर येत नाही. अस्सल जौहर पोलादातच असतो, तो पुन्हा उठतो. हा प्रयोग स्वतःच्या वस्तूवर करावा, दुकानात नव्हे.

आणि मग वाघनखे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून ती तीन वर्षांच्या मुदतीने महाराष्ट्रात आली, साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली, आणि ती महाराजांचीच का यावरून रण पेटले. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी जाहीर आक्षेप घेतला. दोन्ही बाजूंनी बरेच काही बोलले गेले. मला या वादात रस आहे तो वेगळ्या कारणाने. ही वाघनखे साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे आली आणि त्याच्या वंशजाने संग्रहालयाला दिली, इथवर साखळी पक्की आहे. अफझलखानाचा वध नोव्हेंबर १६५९ चा, ग्रँट डफ साताऱ्याला १८१८ ते १८२२. मधली सुमारे १६० वर्षे कोरी आहेत. ही वाघनखे तीच का हे ठरवता आलेले नाही, असे खुद्द लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच्या नोंदीत स्पष्ट म्हटले आहे. ती ज्या पेटीत आली त्या पेटीवर कोरलेली ओळ मात्र निःशंक आहे. पेटी एक सांगते, संग्रहालय दुसरे सांगते, आणि आपण वाद घातला तो प्रामुख्याने एकमेकांच्या निष्ठेवर. जगातले एक मोठे संग्रहालय आपल्याच मौल्यवान वस्तूबद्दल इतके सावध बोलू शकते, तर ओएलएक्सवरच्या विक्रेत्याची खात्री कशाच्या जोरावर असते?

त्यानंतर वर्षभरात, एप्रिल २०२५ मध्ये, लंडनच्या सदबीज लिलावात रघुजी भोसल्यांची म्हणून एक तलवार आली. ती राज्य सरकारने सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली. युरोपीय पाते, मराठा धाटणीची मूठ, म्हणजे आपण जिला फिरंग म्हणतो ती, आणि पात्यावर देवनागरीत सोन्याने उठवलेले सेनासाहेब सुभा रघुजी भोसल्यांचे नाव. इथे चिठ्ठी वस्तूतच कोरलेली आहे आणि त्यामुळे ती फार वजनदार ठरते. पण कोरलेली अक्षरे पात्याएवढीच जुनी आहेत का, हा प्रश्न कोणत्याही तलवारीला विचारायचाच असतो. या पुस्तकातले शस्त्रांचे प्रकरण लिहिताना हीच शिस्त ठेवली आहे.

पुस्तकात एक प्रकरण वस्तूंचे नाही, विकणाऱ्यांचे आहे. अलीकडे खोटा फोटो विकण्यापेक्षा खोटा जवान बनणे सोपे झाले आहे. लष्करी गणवेशातला फोटो, ओळखपत्राची प्रत, ‘बदली झाली, घर खाली करतोय, सामान आर्मीच्या गाडीने येईल’ असा निरोप, आणि मग पैसे घेण्यासाठी म्हणून पाठवलेला क्यूआर कोड, जो स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. जुनी नाणी आणि नोटा लाखोंना घेतो म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला, कारण भामटे तिचेच नाव वापरत होते. अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. गणवेशाकडे पाहून आपण हुज्जत घालत नाही, हे त्या भामट्यांना आपल्यापेक्षा चांगले कळलेले आहे.

कायद्याचेही दोन शब्द. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखिते आणि कागदपत्रांना ७५ वर्षे पुरतात. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पहिल्या महायुद्धातल्या पुष्कळ वस्तूंनी आता शंभरी ओलांडली आहे. ‘अठराव्या शतकातील मराठा तलवार, परदेशी कुरिअरने पाठवू’ अशी जाहिरात दिसली तर विक्रेता एकतर खोटी वस्तू विकतो आहे किंवा गुन्हा करतो आहे. तिसरी शक्यता नाही.

चालू युद्धांच्या चित्रांना मी मुद्दाम थोडी जागा दिली आहे, कारण ती लवकर शिळी होतात. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत संगणकावरच्या युद्धखेळातली दृश्ये खरी विमाने पडताना म्हणून घरोघरच्या ग्रुपवर फिरली, आणि केंद्र सरकारच्या पीआयबीचा तथ्यतपासणी विभाग रात्रंदिवस खुलासे करत होता. यंत्राने बनवलेल्या चित्रांत बोटे चुकतात म्हणतात. आता ती फारशी चुकत नाहीत. पण बिल्ल्यांवरची अक्षरे, पट्ट्यांच्या बकली, रायफलचा बोल्ट कोणत्या बाजूला, हे अजून चुकते, कारण चित्र बनवणाऱ्या यंत्राला पलटण माहीत नसते. म्हणून जुन्या वस्तू ओळखायला शिकलेला माणूस नवी खोटी चित्रेही लवकर पकडतो.

शेवटची प्रकरणे घरच्या पेटीची आहेत. कोकणात आणि देशावर अनेक घरांत अजून पदके, पेन्शनची पुस्तके, पलटणीतले सामूहिक फोटो पडून आहेत, आणि ज्यांना त्यातले चेहरे ओळखता येतात ती माणसे आता फार थोडी उरली आहेत. फोटोच्या मागे लिहू नये. वेगळ्या कागदावर लिहावे, कुणी सांगितले, कोणत्या वर्षी सांगितले, हे लिहावे, आणि ‘बहुधा’ हा शब्द लिहायला लाजू नये. पदकाच्या कडेवरचे अक्षरन् अक्षर उतरवून घ्यावे. युद्धात कामी आलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत मोफत शोधता येतात. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीतली नावे, मुंबईच्या इंडियन सेलर्स होममधल्या स्मारकावरची खलाशांची नावे, बसऱ्याच्या स्मारकावरची नावे, सारी तिथे आहेत. फक्त एक अडचण येईल. पलटणीच्या कारकुनाने इंग्रजीत कानाला येईल तसे लिहिले. एकच शिंदे तीन-चार स्पेलिंगांत सापडतो, तालुक्याच्या जागी कधी गाव तर कधी जिल्हा येतो, आणि आपला आजचा पालघर जिल्हा, जो २०१४ मध्ये झाला, तिथे ‘ठाणा’ म्हणून असतो. तेव्हा आडनाव सोडून क्रमांक घ्यावा आणि पलटणीपासून शोध सुरू करावा. क्रमांक कारकुनाने बहुधा बरोबर उतरवलेला असतो.